वाढत्या अंगाचा फ्रॉक

गुंडीच्या निळ्या फ्रॉकला खालून चांगली चार बोटं दुमड होती. ती आजोबांनी मुद्दाम ठेवली होती. आजोबा जन्मभर शिंपी. लहान मुलाचा कपडा अगदी अंगाबरोबर शिवणं त्यांच्या मते जवळजवळ अपशकुनच. "वाढत्या अंगाचं शिवावं," ते गिऱ्हाइकांना सांगत. "पोर वाढलं की नुसती टीप उसवायची." नातीचं नावही त्यांनीच पाडलेलं. जन्मली तेव्हा चेहरा गोल गरगरीत, मधोमध दोन बारीक डोळे. दवाखान्यातल्या पाळण्यात डोकावून आजोबा म्हणाले, "अरे, ही तर गुंडी!" आणि खरं नाव कागदावरच राहिलं.

फ्रॉक तिसऱ्या वाढदिवसाचा होता. आता चौथाही होऊन गेला, तरी दुमड होती तिथेच होती. फ्रॉकला इस्त्री करताना आजोबा त्या टिपेवरून एकदा बोट फिरवत आणि घडी घालत.

गुंडीच्या आईचं काम वजनकाटे तपासण्याचं. दुकानांतले, कारखान्यांतले, दवाखान्यांतले काटे तिच्या प्रयोगशाळेत येत. चकचकीत पोलादी वजनं चिमट्याने उचलून ती त्यांच्यावर ठेवी आणि काटा खरं बोलतोय की थापा मारतोय ते सांगे. वजनांना हात लावायचा नाही, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. दिवसभर असं काम करणारी बाई घरी आली म्हणून एकदम ढगळ होत नाही. मीठ, साबणाची पूड, पाहुण्यांचा मुक्काम, सगळं तिला बेतशीर लागे. नवरा तिला काटेबाई म्हणे, आणि घरात तेच नाव रुळलं होतं.

गुंडीला दूध चालत नसे. अंडं, गहू आणि शेंगदाणे हेही चालत नसत. चालत नसे म्हणजे आवडत नसे असं नव्हे. आठ महिन्यांची असताना चमचाभर दूध पोटात गेलं, आणि पाव तासात ओठ सुजून श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तेव्हापासून दाराजवळच्या खुंटीला एक पिशवी टांगलेली असे. तिच्यात इंजेक्शन. चप्पल विसरली तर चालेल, पिशवी विसरायची नाही, असा घरातला नियम होता.

स्वयंपाकघरात सगळ्यात वरची फळी गुंडीची. तिथे तिचं लाल झाकणाचं पातेलं, लाल वाटी, लाल चमचा. तिचं अन्न आधी शिजायचं, मग ओटा पुसायचा, मग बाकीच्यांचं. चौथ्या वर्षापर्यंत त्या पोरीने सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली वाक्यं दोनच होती: "ते गुंडीचं नाही," आणि "हे फक्त गुंडीचं."

जिवावर बेतेल ते ताटातून काढून टाकणं तसं सोपं होतं. उरलेल्यावर तिचं अंग भरणं अवघड होतं. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत मूठ वळून दाखवली होती. "हिचं पोट एवढं. यात काकडी आणि कलिंगड भरलंत तर जागा गेली आणि हातात पाणी. मुलं ज्याच्यावर बाळसं धरतात ते दूध, लोणी, चीज, अंडं, सगळंच हिला बंद. मग उरलं काय? तेल. भातात तेल, डाळीत तेल, बटाट्याच्या लगद्यात तेल. अ‍ॅव्होकॅडो कुस्करून घाला. घास तेवढाच, पण घासात ताकद दुप्पट." शिवाय दुधाऐवजी एक औषधी पावडर होती. तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास यायचा आणि ती केळ्यात लपवावी लागायची.

काटेबाईने हे सगळं डोळ्यात तेल घालून केलं. वाटीत तर घालतच होती. पण गुंडी तिच्या हातून खात नसे. सकाळी चार घास, रात्री पाच, आणि मग ओठ असे मिटायची की सुरीनेही उघडू नयेत. दुपारी मात्र, आईबाप कामावर गेलेले असताना, आजोबांपाशी ती वाटी चाटूनपुसून संपवायची. हे लक्षात आल्यावर काटेबाईने सगळा भर दुपारवर टाकला. जेवणाची मोठी वाटी आणि चार वाजताची छोटी वाटी, दोन्ही ती सकाळी भरून, काट्यावर ठेवून, झाकून जाई. आजोबांना सांगून ठेवलं होतं की वाट्या धुवायच्या नाहीत. संध्याकाळी आली की पर्ससुद्धा खाली ठेवायच्या आधी ती रिकाम्या वाट्या काट्यावर ठेवी. सकाळच्या वजनातून संध्याकाळचं वजा केलं की जे उरतं ते गुंडीच्या पोटात. यात चुकायला जागाच नव्हती.

आणि तरी गुंडी वाढत नव्हती.

मागच्या भेटीत आहारतज्ज्ञ बाईंनी वजनाचा आलेख तिच्यासमोर धरला. चढत जायला हवी होती ती रेघ गेले चार महिने पलंगावर पडल्यासारखी आडवी होती. बाई एरवी हसतमुख, पण त्या दिवशी त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्ही सांगता तेवढं ती खात असेल, तर ते अंगी का लागत नाही हे बघावं लागेल. पुढच्या खेपेलाही रेघ अशीच राहिली तर दाखल करून घेऊ. नाकातून एक बारीक नळी घालून अन्न देता येतं. आतड्याच्या तपासण्याही करू. घाबरू नका, पुष्कळ मुलांना करतो."

गुंडी तेव्हा टेबलाखाली बसून बाईंच्या बुटाची नाडी सोडत होती. काटेबाई त्या नाडीकडे बघत राहिली. पुढची भेट दोन महिन्यांवर होती, त्यातले दोन आठवडे बघता बघता सरले.

याच दिवसांत घरात आणखी एक नवल चाललं होतं. आजोबांचं पोट सुटत होतं.

सुटलं असतं तर सुटलं, साठी उलटलेल्या माणसाला कोण विचारतो? पण आजोबांनी खाणं कमी केलं होतं. चहातलं दूध सोडलं, कोराच घेत. सकाळचं अंडं बंद. पाव बंद, लोणी बंद. विचारलं तर म्हणत, "पित्त होतं गं." संध्याकाळी बशीत थोडा भात आणि भाजी घेत आणि तेही उरवत. आणि शर्टाची खालची दोन बटणं तर एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती.

"बाबा," त्यांचा मुलगा, म्हणजे काटेबाईचा नवरा, जेवताना म्हणाला, "उपास करून जाड होणारे तुम्ही जगातले पहिलेच. आम्हालाही शिकवा." तो फर्निचर पोचवणारी गाडी चालवायचा, दिवसभर लोकांची कपाटं जिन्यावरून चढवून त्याची जीभ सैल झालेली असे.

"हवेने फुगतो मी," आजोबा म्हणाले.

"हवा बटाट्याची दिसते."

आजोबांना ठसका लागला. सुनेने पाणी दिलं. त्या वेळी तिला ठसक्याचं काही वाटलं नाही.

रविवारी ती धुतलेले कपडे दोरीवर घालत होती. आजोबांची राखाडी पँट उलटी करून झटकली, आणि हात थांबला. मागच्या शिवणीजवळ कापडाची एक उभी पट्टी बाकीच्या पँटपेक्षा गडद होती. ऊन, पाणी, साबण न लागलेलं कोरं कापड. आतला दाब, म्हणजे शिवणीत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड, सोडून कंबर वाढवली की असं दिसतं, हे शिंप्याच्या घरात नांदणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. तिने पट्टी जवळून पाहिली. एक नव्हे, दोन पट्ट्या. एक गडद आणि तिच्या बाहेर आणखी गडद. म्हणजे कंबर एकदा नाही, दोनदा वाढवली होती, आणि सबंध घरात कुणाला चाहूल न लागू देता.

शेजारीच दोरीवर गुंडीचा निळा फ्रॉक वाळत होता, चार बोटं दुमड जशीच्या तशी.

काटेबाई चिमटे हातात घेऊन दोन्ही कपड्यांमध्ये उभी राहिली. एकाच छपराखाली एक माणूस ग्रॅमवारी खातं आणि वाढत नाही. दुसरं माणूस खाणं सोडतं आणि वाढतं. अन्न हवेत विरत नसतं. ते इथून गेलं तर कुठेतरी जातंच, हे तिने शाळेत पाठ केलं होतं आणि पुढे त्यावर पोट भरलं होतं. प्रयोगशाळेत नवीन आलेल्या पोरांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगे: काटा काय दाखवतो ते नंतर बघा, आपण वजन कशाचं करतोय ते आधी बघा. आणि स्वतः चार महिने ती वाटीचं वजन करत होती.

"अगं, कपडे वाळतील उभ्या उभ्या," आतून नवरा ओरडला. "तूही वाळशील."

सोमवारी दुपारी तिने वरिष्ठांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि घरी आली. किल्ली हळूच फिरवली. बोळकांडीतून स्वयंपाकघर दिसत नव्हतं, पण आवाज येत होता.

"आ कर," गुंडीचा आवाज.

"कर म्हणजे केलाच," आजोबा म्हणाले. "हं. झालं. आता तुझा."

चमचा वाटीला लागल्याचा आवाज. मग गिळल्याचा मोठा, मुद्दाम केलेला आवाज.

"आता तुझा," गुंडी म्हणाली.

"बाई गं, माझं पोट बघ. ढोल झालाय. हा एक तूच खा, तुझ्या माझ्या दोघांचा."

"नाही. तुझा नाही तर माझा पण नाही."

"निदान अर्धा चमचा?"

"पूर्ण. सांडायचं नाही."

"तू माझी नात की मुकादम?"

"मी मुकादम. मुकादम म्हणजे काय? आ कर."

काटेबाई दारात जाऊन उभी राहिली. टेबलाशी लाल वाटी, तिच्यात तेलाने चमकणारा बटाट्याचा लगदा. एका बाजूला उंच खुर्चीवर गुंडी हातात लाल चमचा घेऊन. दुसऱ्या बाजूला आजोबा, डोळे मिटलेले, तोंड आ केलेलं, गळ्याशी गुंडीचंच लाळेरं बांधलेलं.

"आई!" गुंडी आनंदाने ओरडली. आजोबांनी डोळे उघडले. तोंड मिटायचं मात्र राहून गेलं.

"बाबा," काटेबाई म्हणाली. पुढे होऊन तिने गुंडीच्या हातातला चमचा काढून घेतला. "एकच चमचा? तुमच्या तोंडातला तिच्या तोंडात? पित्त जरा उतरलं म्हणून एखाद्या सकाळी अंडं खाल्लंत, बाहेर कुठे चहा घेतलात... दुधाचा एक थेंब जरी..."

"अंडं?" आजोबांनी लाळेरं सोडलं. "अंडं कुठलं, पोरी? सोडलंय म्हणून तर. दूध सोडलं, पाव सोडला. हिच्या फळीवर जे आहे त्यातलंच खातो मी. बाहेर कुणी चहा दिला तरी घेत नाही. लोक म्हणतात म्हातारा शिष्ट झालाय."

काटेबाईला बसावंसं वाटलं. ती भाज्यांच्या टोपलीवरच बसली, आणि टोपली कुरकुरली.

"म्हणजे पित्त..."

"पित्तबित्त काही नाही. माझं पित्त ठणठणीत आहे."

मग त्यांनी सांगितलं, खाली मान घालून, वाटीच्या कडेवरून बोट फिरवत. वसंत संपता संपता एका दुपारी गुंडीने तोंडाला कुलूपच घातलं. गाणी झाली, गोष्टी झाल्या, शिवणयंत्राचं चाक फिरवू दिलं, काही नाही. शेवटी त्यांनी विचारलं, का गं खात नाहीस? तर ती म्हणाली, तूच खात नाहीस. कुणीच खात नाही माझं. वाईट असणार.

"आता यावर काय बोलणार?" आजोबा म्हणाले. "मी नाही का गिऱ्हाइकाला सांगत, हे कापड फार उत्तम आहे? तर गिऱ्हाईक विचारतं, मग तुमच्या अंगावर का नाही? म्हणून मी एक घास खाल्ला. चांगला लागला हो. हिनेही खाल्ला. मग म्हणाली, आता तुझा. तिथून जे चालू झालं ते झालं. मध्ये एकदा थांबवून पाहिलं, तर दोन दिवस तिने थेंब घेतला नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो." आजोबांनी लाळेऱ्याची घडी घातली. "पण तू संध्याकाळी यायचीस, वाटी काट्यावर ठेवायचीस, आणि सबंध दिवसात तेवढाच वेळ तुझा चेहरा उजळायचा. मी म्हटलं, उद्या सांगू. शिंप्याचा उद्या तुला ठाऊक आहे."

शिंप्याचा उद्या सगळ्यांना ठाऊक असतो. काटेबाईच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला आणि तिने तो पदराने टिपला. "चार महिने मी तुमचं वजन वाढवतेय, बाबा."

"आणि मन लावून वाढवलंस," आजोबा म्हणाले. "दोनदा कंबर सोडली. आता दाब संपला."

"नाक का पुसतेस?" गुंडीने विचारलं. "तुझा पण घास हवा?"

दवाखान्यात फोन लावून काटेबाईने आहारतज्ज्ञ बाईंना सगळं सांगितलं. मग फोनमधून असा आवाज आला की काटेबाईला वाटलं त्या खोकतायत. त्या हसत होत्या. "थांबा, थांबा," त्या म्हणाल्या. "म्हणजे मुलीला अर्धंच मिळत होतं? अहो, मग ती पोर भलतीच काटकसरी निघाली! अर्ध्या रेशनवर तिने वजन घटू दिलं नाही. आतडं बिचारं निर्दोष असणार. तरी भेट ठरली तशीच ठेवू, तोवर पूर्ण वाटी तिच्या पोटात घाला. रेघ चढली तर नळी नको. नाही चढली तर मात्र दाखल. चालेल? आणि आजोबांना सांगा, त्यांचाही आलेख काढीन मी."

पूर्ण वाटी तिच्या पोटात घाला. सांगायला काय जातं? त्या संध्याकाळी काटेबाई पेन्सिल चावत बसली. आजोबांना घासाच्या सौद्यातून काढलं तर गुंडी खाणार नाही. सौदा ठेवला आणि वाटी दुप्पट केली, तर गुंडीला पुरेल. पण आजोबा दारातून मावणार नाहीत. आजोबांना छोटा चमचा आणि गुंडीला मोठा देऊन पाहिलं. गुंडीने दोन्ही चमचे शेजारी शेजारी धरले, आईकडे पाहिलं आणि छोटा चमचा खिडकीबाहेर टाकला.

"आईवर गेलीये," नवरा म्हणाला. "माप चुकलेलं चालत नाही."

त्या बोलण्यानेच काटेबाईला दिसलं. चमच्यांचा प्रश्नच नव्हता. पोरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: कुणीच खात नाही माझं. वरची फळी, लाल वाटी, आधी शिजवलेलं वेगळं पातेलं. जीव वाचवायला बांधलेल्या त्या भिंतीच्या आत पोर एकटी जेवत होती.

"उद्यापासून," ती म्हणाली, "या घरात एकच पातेलं चढणार. लाल झाकणाचं."

नवऱ्याचा हात पावाच्या डब्यावर होता. तो तिथेच गोठला. "म्हणजे माझं लोणी-पाव?"

"बाहेर खा. आणि घरात शिरायच्या आधी हात धू, तोंड धू, शर्ट बदल."

"लोक बाहेर दारू पिऊन येतात, मी लोणी खाऊन येणार. चूळ भरून. बायको वास घेणार."

"घेणारच."

"बाबा, तुम्ही काही बोला."

"मी काय बोलू?" आजोबा म्हणाले. "मी चार महिने निर्व्यसनी आहे."

दुसऱ्या दिवशी ओटा, फळ्या, डबे, सगळं घासून काढलं. गव्हाचं पीठ, दूध, अंडी, शेंगदाणे शेजारणीकडे गेले. रात्री टेबलावर चार वाट्या आल्या. चारही लाल, काटेबाईने येताना तीन नव्या आणल्या होत्या. सगळ्यांत तोच भात, तीच डाळ, तेच शिजवून बारीक केलेलं कोंबडीचं मांस. गुंडीच्या वाटीत फक्त वरून दोन चमचे जास्त तेल, तेही ती हात धुवायला गेली असताना.

गुंडी खुर्चीवर चढली. चारही वाट्या निरखून पाहिल्या. मान उंच करून पातेल्यात पाहिलं. "हे गुंडीचं आहे," ती संशयाने म्हणाली.

"हे सगळ्यांचं आहे," आई म्हणाली.

गुंडीने थोडा वेळ विचार केला. मग लाल चमचा भरला आणि उठून बापाकडे निघाली. "आ कर. मग आजोबा. मग आई. मग मी."

काटेबाईने मनात आकडेमोड केली. आधी निम्मं मिळत होतं. या हिशोबाने आता पाव मिळणार होतं. तिने आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी मुलाकडे, आणि मुलाने, ज्याच्याकडून कुणी कधी शहाणपणाची अपेक्षा केली नव्हती, आपली वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"ए मुकादम," तो म्हणाला, "मजुरांना भरवतात का कधी? मुकादम जागेवर बसतो. मुकादम नुसता हुकूम सोडतो. आम्ही कपाट उचलतो तेव्हा आमचा मुकादम काय करतो? ओरडतो, 'उचल!' की आम्ही चौघं एकदम उचलतो. एकानेही आधी नाही, एकानेही मागून नाही."

"तो पण उचलतो?"

"त्याने उचललं नाही तर कपाट पडेल त्याच्याच पायावर."

गुंडी परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. चमचा भरला. तीन मोठ्या माणसांनी आपापले चमचे भरून धरले. ती एकेकाच्या चमच्याकडे बघत गेली. आजोबांचा कमी भरला होता, तो भरायला लावला.

"उचल!" गुंडी किंचाळली.

चार चमचे एकदम चार तोंडांत गेले.

पुढचे सहा आठवडे त्या घरात कुणीही आपल्या मनाने जेवलं नाही. कुणाला मध्येच पाणी प्यायचं असेल तर परवानगी लागे. बाप गप्पा मारत बसला तर चमचा वाजे. आजोबांच्या चमच्यात आता बिनतेलाचा घास असे, आणि त्यांच्या घासाने गुंडीच्या वाटीला धक्का लागत नसे. दुपारी दोघंच असत, तेव्हाही दोन वाट्या, दोन चमचे आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा हुकूम. काटेबाईने वाटी काट्यावर ठेवायचं सोडलं नाही. सवय ती. पण आधी ती दारातूनच आजोबांना विचारी, "कुणी खाल्लं?" आणि आजोबा गळ्याशी हात नेऊन म्हणत, "शपथ."

सगळेच दिवस काही गोडीगुलाबीचे नव्हते. मध्ये गुंडीला सर्दी झाली आणि तीन दिवस मुकादमाने संप केला. पुठ्ठ्याच्या वासाची पावडर एकदा तिने ओळखली आणि केळ्यासकट भिंतीवर मारली. तो डाग पुसला तरी पुरता गेला नाही. काटेबाई दवाखान्याची तारीख मनातल्या मनात दूर ढकलत होती आणि तारीख आपली जवळ येत होती. आजोबांनी इस्त्री करताना फ्रॉकच्या टिपेवरून बोट फिरवायचं थांबवलं होतं. नजर लागेल म्हणून की भीतीने, ते त्यांनी सांगितलं नाही.

भेटीच्या दिवशी सगळेच गेले. बापाने गाडीच आणली, मागे कुणाचं तरी रिकामं कपाट तसंच.

तो काटा काटेबाईने ओळखला. वर्षापूर्वी तिच्याच टेबलावरून गेला होता; बाजूला तपासणीची चिकटपट्टी होती. त्याच्यावर तिचा विश्वास होता, आणि म्हणूनच तिला त्याच्याकडे बघवेना. तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एक माणूस सायकलचं चाक पुसत होता. तिने ते चाक फार लक्ष देऊन पाहिलं.

"हलू नकोस," आहारतज्ज्ञ बाई गुंडीला म्हणाल्या. "श्वास घे. हं."

मग नवऱ्याचा आवाज आला, अगदी हळू, "काटेबाई, अगं बघ."

सातशे ग्रॅम वाढले होते. बाईंनी आलेखावर ठिपका दिला, रेघ ओढली आणि कागद उलटा करून तिच्यासमोर धरला. पलंगावर पडलेली रेघ उठून बसली होती.

"नळी?" काटेबाईने विचारलं.

"कसली नळी?" बाई म्हणाल्या. "आता फक्त असंच चालू ठेवा. कोण भरवतं हिला?"

"मी भरवते," गुंडी म्हणाली. "सगळ्यांना." आणि काट्यावरून उतरून आजोबांची बाही ओढली. "आता तुझा."

आजोबा नको नको म्हणत चढले. त्यांचे तीन किलो उतरले होते. बाईंनी खरोखरच एक कोरा कागद घेतला आणि त्यांच्यासाठी ठिपका दिला.

घरी आल्यावर कुणी चहाचीही वाट पाहिली नाही. आजोबांनी यंत्राजवळचा स्टूल मध्ये ओढला, गुंडीला निळ्या फ्रॉकसकट त्याच्यावर उभं केलं आणि गुडघ्यांवर बसून फ्रॉकचा घेर तपासला. उंचीही थोडी सरकली होती, फार नाही. चार बोटं एकदम सोडायचं कारण नव्हतं. त्यांनी ब्लेडच्या टोकाने टीप उसवायला सुरुवात केली, एकेक टाका, मोत्याचा सर सोडवावा तसा. दुमड उघडली. आतून गडद निळं, न विटलेलं कापड बाहेर आलं. त्यांनी त्यातलं एक बोट बाहेर ठेवलं आणि उरलेलं पुन्हा आत दुमडलं.

"ही पट्टी वेगळी दिसते," काटेबाई टाचण्या पुढे करत म्हणाली. "वरून लेस लावायची का?"

"मुळीच नाही," आजोबा म्हणाले. "दिसू दे."

गुंडी वाकून ती पट्टी बघत होती. मग तिने आजोबांच्या गळ्यातली मोजपट्टी ओढून काढली, स्टूलवरून खाली उडी मारली आणि ती त्यांच्या पोटाभोवती गुंडाळायला लागली. हात पुरेना, म्हणून ती पट्टी घेऊन त्यांच्याभोवती एक चक्कर मारून आली. दोन्ही टोकं जुळवली आणि त्यावरचे आकडे, जे तिला वाचता येत नव्हते, भुवया आक्रसून पाहिले.

"किती भरलं, मुकादम?" आजोबांनी श्वास आत ओढून धरत विचारलं.

"पुष्कळ," गुंडी म्हणाली.

काटेबाईने वाकून आकडा पाहिला, आणि या एका वेळी तिला तेच माप बरोबर वाटलं.